पंच्याऐंशी हजारांचा डिप्लोमा आणि टायपिंगचा क्लास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बी.कॉम. झाली. जिल्ह्याच्या गावातल्या एका करिअर अकादमीने तिला एक वर्षाचा ऑफिस मॅनेजमेंटचा डिप्लोमा सुचवला आहे. फी ८५ हजार, आठ दिवसांत भरली तर ७५, आणि वर ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’. अशा संस्था आत्ताच उगवल्या की पूर्वीही होत्या? आमच्या वेळचे टायपिंग क्लास प्रामाणिक होते आणि हे सगळे लुटारू, हे खरं का?

मी टायपिंग क्लासवाली आहे, तेव्हा माझं मत तटस्थ नाही हे आधीच सांगते. मामंजींनी १९६२ साली तालुक्याच्या गावात एका खोलीत चार मशिनांवर इन्स्टिट्यूट काढली. मी १९८९ साली लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच महिन्यात सकाळची बॅच माझ्या गळ्यात पडली. आम्ही धर्मादाय काम केलं नाही. क्लासवर घर चाललं, दोन मुलांची शिक्षणं झाली. त्यामुळे ‘खासगी आहे, नफ्यासाठी आहे, म्हणजे वाईट’ हे काही मी म्हणणार नाही. बिघाड दुसरीकडे असतो आणि तो समजायला थोडं मागं जावं लागेल.

हा धंदा कारकुनाइतका जुना आहे. जमाखर्च लिहिणारे, पत्रव्यवहार सांभाळणारे लोक पेढ्यांना हवे होते आणि विद्यापीठं ते शिकवायला तयार नव्हती. त्या फटीत खासगी शाळा उभ्या राहिल्या. अमेरिकेत १८५० च्या दशकात ब्रायंट आणि स्ट्रॅटन या जोडीने तर अशा शाळांची साखळीच काढली. एका शहरात फी भरा, दुसऱ्या शहरातल्या शाखेत शिका. आपल्याला वाटतं फ्रँचायझी काल-परवा आली! त्या शाळांत खोटी बँक असायची, कॉलेजनेच छापलेल्या नोटा असायच्या, आणि मुलं एकमेकांशी खोटा व्यापार करून खऱ्या वह्या लिहायची. त्या नोटा आता नाणी-नोटांचे शौकीन जमवतात. जॉन रॉकफेलर १८५५ साली क्लीव्हलंडच्या अशाच एका कमर्शियल कॉलेजात काही महिने हिशेब शिकला आणि त्याच वर्षी एका पेढीवर मदतनीस हिशेबनीस म्हणून लागला. तेलाचं साम्राज्य नंतरचं. सुरुवात क्लास लावूनच.

पिटमनची लघुलिपी, म्हणजे शॉर्टहँड, १८३७ ची, रेमिंग्टन कंपनीचा टाइपरायटर बाजारात आला १८७४ मध्ये. ही दोन हत्यारं एकत्र आली आणि जगभर ‘शॉर्टहँड-टायपिंग’ असा जोडशब्दच झाला. मुंबईत फोर्टमध्ये दावर्स कॉलेज १९०० साली निघालं. सरकारी सिडनहॅम कॉलेज त्यानंतर तेरा वर्षांनी, १९१३ मध्ये. म्हणजे वाणिज्य शिक्षण आपल्याकडेही आधी खासगी माणसाने विकलं, मग सरकारने उघडलं.

मुंबईच्या कचेऱ्यांत पालघाट-तंजावरकडचे लोक मोठ्या संख्येने स्टेनो म्हणून दिसायचे, त्याच्या मागे हेच होतं. तिकडे मॅट्रिक झालेला पोरगा टायपिंग-शॉर्टहँडची परीक्षा देऊनच गाडीत बसायचा. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा दाक्षिणात्य कारकुनांवरून काय वातावरण तापलं होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. मामंजी त्या काळात पालकांना एवढंच म्हणायचे, “त्यांना शिव्या देण्याआधी तुमच्या पोराचा स्पीड किती आहे ते सांगा.” पालक चिडायचे, आणि पुढच्या सोमवारी पोराला घेऊन यायचे.

आता आमच्या क्लासची रचना सांगते, कारण सगळं उत्तर त्यात आहे.

एक तास मशीन, महिन्याची फी महिन्याला. मी आले तेव्हा ती पन्नास रुपये होती. पहिले पंधरा दिवस ए-एस-डी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे, बोटं दुखेपर्यंत. मग शब्द, मग पॅसेज, मग लेटर आणि स्टेटमेंट. स्टेटमेंट म्हणजे रकान्यांचा तक्ता, आणि त्यात भले भले रडायचे. ज्याला शिकवणं पटलं नाही तो पुढच्या महिन्यात समोरच्या गल्लीतल्या क्लासला जायचा. आम्हाला ते दर महिन्याच्या एक तारखेला कळायचं. वर्षभराचे पैसे आधी घेतलेले नसले की शिकवणारा आपोआप जागा राहतो.

आणि परीक्षा आमची नव्हती. ती सरकारी, शासकीय वाणिज्य प्रमाणपत्राची, पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची. पेपर त्यांचा, केंद्र दुसऱ्याच शाळेत, तपासणी त्यांची. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट लागायचं, अजूनही लागतं. लघुलेखकाला ऐंशी, शंभर, एकशेवीस अशा पायऱ्या. आम्ही मुलाला कितीही गोड बोललो, भिंतीवर कितीही फोटो लावले, तरी निकालाच्या दिवशी आमचं पितळ उघडं पडायचंच. आमचे किती बसले आणि किती पास झाले हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं.

त्या परीक्षेला मशिनं आपली आपण न्यायची. हे नव्या पिढीला सांगितलं तर खोटं वाटतं. आदल्या दिवशी टेम्पो यायचा. प्रत्येक मशिनवर मुलाचा नंबर चिकटवायचा, मध्ये मध्ये पोती आणि जुन्या सतरंज्या कोंबायच्या, वर ताडपत्री. गोदरेजचं मशीन उचलताना कंबर मोडायची, पण ते रस्त्याच्या खड्ड्यांना दाद द्यायचं नाही. जुनं रेमिंग्टन मात्र हमखास रुसायचं. एकदा केंद्रावर पोचल्यावर पाहिलं तर एका मुलीच्या मशिनचं कॅरेज अडकलं होतं. मेकॅनिक दुसऱ्या खोलीत, घंटा व्हायला दहा मिनिटं. मामंजींनी बाहीने घाम पुसत स्क्रूड्रायव्हर लावला आणि ते सुटलं. ती मुलगी पुढे तहसील कचेरीत लागली. घंटा झाली की एका हॉलमध्ये पन्नास-साठ मशिनांचा एकदम जो कडकडाट उठायचा, तो अजून कानात आहे.

सगळं सोन्यासारखं होतं असं नाही. डमी बसवणारे क्लास होते, सुपरवायझरला चहापाणी करणारे होते. पण मिनिटाला तीस शब्द म्हणजे तीसच शब्द. साहेबाने पहिल्या दिवशी पत्र दिलं की खरं-खोटं पाच मिनिटांत बाहेर यायचं. कौशल्य डोळ्यांनी मोजता येत होतं, हा आमच्या धंद्याचा प्रामाणिकपणा. आमच्या स्वभावाचा नव्हे.

हे मी खात्रीने म्हणते, कारण मीही घसरले.

नव्वदच्या दशकात संगणक क्लासची लाट आली. एनआयआयटी १९८१ ची, ॲपटेक १९८६ ची, पण तालुक्याच्या गावात ही हवा पोचली ती वायटूकेच्या, म्हणजे २००० सालाच्या, आसपास. मशिनवर बसणारी मुलं कमी होऊ लागली. १९९९ मध्ये मोठ्या शहरातली एक कंपनी आमच्याकडे आली. नाव सांगत नाही. त्यांनी बोर्ड दिला, छापील पुस्तकं दिली, शिकवणाऱ्यांना टाय घालायला लावला. दीड वर्षाचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, फी १८ हजार, तीन हप्त्यांत, त्यातला वाटा कंपनीला. मामंजी तयार नव्हते. मी हट्टाने घेतलं.

परीक्षा कशी व्हायची? कंपनी पाकिटातून पेपर पाठवायची, आम्हीच सुपरव्हिजन करायचो, आम्हीच तपासायचो, मार्क कंपनीला कळवायचो. त्या अडीच वर्षांत आमच्याकडे एकही विद्यार्थी नापास झाला नाही. नापास केला तर पुढचा हप्ता बुडतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. टायपिंगच्या बॅचला मी रोज चुका मोजून लाल रेघा मारणारी बाई, आणि शेजारच्या खोलीत तीच बाई सगळ्यांना फर्स्ट क्लास वाटत होते. २००१ संपता संपता कंपनीचा फोन लागेना. शेवटच्या बॅचच्या २३ मुलांची सर्टिफिकेटं कधीच आली नाहीत. मामंजींनी शेवटच्या हप्त्याचे पैसे सगळ्यांना परत करायला लावले, त्यात माझ्या पाटल्या गेल्या. एक मुलगा तरी दोन वर्षं चकरा मारत होता. शेवटी मी त्याला आमच्याच लेटरहेडवर पत्र टाइप करून दिलं, की याला अमुक अमुक येतं. जेवढं खरोखर येत होतं तेवढंच लिहिलं. सात ओळींत बसलं.

त्याच सुमारास एमकेसीएल ही संस्था आणि संगणकाच्या प्राथमिक शिक्षणाची तिची एमएस-सीआयटी आली. तिच्यावर टीका करायला जागा आहे. सरकारी नोकरांना ती सक्तीची झाली, आणि पन्नाशीतले गुरुजी माऊस टेबलावरून उचलून हवेत फिरवताना मी पाहिले आहेत. पण तिची मांडणी मला ओळखीची वाटली: शिकवणार आम्ही, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. मी लगेच केंद्र घेतलं. पुढे टायपिंगची परीक्षाही मशिनवरून संगणकावर गेली आणि टेम्पो बंद झाला.

आता अमेरिकेकडे परत जाऊ, कारण तुमच्या ‘जॉब गॅरंटी’चं मूळ तिथे फार स्वच्छ दिसतं. आपल्याकडे ते धुरकट असतं.

१९४४ मध्ये तिथे युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. निर्णय चांगलाच होता. पण फी भरणारा एक आणि शिकणारा दुसरा अशी फारकत झाली आणि हजारो खासगी ट्रेड स्कूल रातोरात उगवली. घड्याळदुरुस्ती म्हणू नका, काय म्हणू नका. बरीचशी नावापुरती. १९५२ मध्ये सरकारने एक साधी अट घातली: वर्गातली किमान १५ टक्के मुलं सरकारी पैशांशिवाय आलेली पाहिजेत. म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणारं कुणीतरी तुमच्याकडे येतंय का, ते दाखवा. मला हा नियम फार आवडतो. मामंजींच्या एक तारखेचीच ती सरकारी आवृत्ती.

१९७२ नंतर नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना सर्वसामान्य विद्यार्थ्यांची सरकारी मदत आणि कर्जंही पूर्णपणे खुली झाली आणि धंद्याचा आकारच बदलला. फिनिक्स विद्यापीठ १९७६ मध्ये निघालं, शेअर बाजारात गेलं, आणि २०१० च्या आसपास तिथे साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थी होते. तो १५ टक्क्यांचा नियम पुन्हा आला, तोही सैल होत गेला. आधी उत्पन्नाचा १५ टक्के भाग सरकारी मदतीच्या बाहेरून आणा, मग १९९८ पासून फक्त १०. त्यातही सैनिकांच्या मदतीचा पैसा ‘बाहेरचा’ मानला जायचा, म्हणून कॉलेजांचे एजंट लष्करी तळांभोवती घिरट्या घालायचे. ही पळवाट बुजवणारा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. २०१२ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने तीस कंपन्यांचे हिशेब उघडले. शंभर रुपये आले तर सुमारे २३ जाहिरात आणि प्रवेश मिळवण्यावर, १९ नफा, आणि प्रत्यक्ष शिकवण्यावर १७. मी हे वाचलं तेव्हा आमच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. आमच्या जाहिरातीचा खर्च म्हणजे दर जूनला रंगवलेला एक कापडी फलक.

सॅन फ्रान्सिस्कोत १८६३ साली हील्ड नावाचं बिझनेस कॉलेज निघालं होतं. आमच्यासारखंच, हिशेब आणि कारकुनी शिकवणारं. ते दीडशे वर्षं टिकलं. २०१० मध्ये कोरिन्थियन या मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं. पाच वर्षांत सरकारने त्याला सुमारे तीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला, कशाबद्दल? नोकरी लागल्याचे आकडे खोटे सांगितल्याबद्दल. पद्धत ऐका. एजन्सींना पैसे देऊन माजी विद्यार्थ्यांना दोन-दोन दिवसांच्या कामावर घ्यायचं, तेही कॉलेजच्याच आवारात, संगणक इकडून तिकडे हलवा, वायरी गुंडाळा. झाली प्लेसमेंट. अकाउंटिंग झालेली एक मुलगी आधीपासून, २००६ सालापासून, एका फास्ट फूडच्या दुकानात काम करत होती. तीही ‘आपल्या क्षेत्रात नोकरी’ या रकान्यात. एप्रिल २०१५ मध्ये कोरिन्थियनने उरलेल्या शाखांना एकदम कुलूप लावलं, सुमारे १६ हजार मुलं रस्त्यावर. कर्ज मात्र मुलांच्या नावावर. ते माफ व्हायला अनेकांना २०२२ पर्यंत थांबावं लागलं.

आपल्याकडचं चित्र वेगळं दिसतं ते कायद्यामुळे. पदवी किंवा मान्यताप्राप्त पदविका देणारं कॉलेज आपल्याकडे नफ्यासाठी काढता येत नाही, ट्रस्ट किंवा तशीच बिननफ्याची संस्था लागते. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, पाठोपाठ डोनेशन आलं, १९८७ मध्ये डोनेशनबंदीचा कायदा आला, आणि २००२ आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नाही’ असं सांगितलं. त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल. तुमच्या कामाचं एवढंच, की या कुंपणाबाहेर जे उरतं, क्लास, अकादमी, इन्स्टिट्यूट, ते साधं दुकान आहे. शॉप ॲक्टखाली नोंद केली की झालं. काचेवर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच, नाहीतर लघुउद्योगाची नोंदणी, नाहीतर आयएसओचा कागद. आयएसओ तर बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं.

आणि ट्रस्टचं कॉलेज म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. २००० नंतर आपल्याकडे डी.एड. कॉलेजांचं कसं पीक आलं ते तुम्ही पाहिलं असेल. मान्यता खरी, परीक्षा सरकारी, सगळं नियमात. फक्त २०१० नंतर शिक्षकभरती जवळजवळ थांबली आणि पुढची काही वर्षं मुलं डी.एड. होऊन किराणा दुकानात बसली. तिथे फसवणूक नव्हती, पण शिक्षक किती लागणार याची मोजदादही नव्हती. माझ्या ‘परीक्षा दुसऱ्याने घ्यावी’ या लाडक्या नियमालाही भोक आहे. २०२१ मध्ये टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, गैरव्यवहारात त्याच परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, जिच्या नावावर आम्ही साठ वर्षं शपथा घेतल्या. ती बातमी वाचून मी त्या दिवशी बॅच घेतली नाही.

तरीही, तुमच्या मुलीसाठी मी त्याच दोन गोष्टी पाहीन. उद्या तिला घेऊन अकादमीत जा आणि तिलाच विचारू द्या: या डिप्लोमाची परीक्षा कोण घेतं? उत्तर ‘आमचीच, इंटरनल असते’ असं आलं तर तो कागद म्हणजे पावती समजा, सर्टिफिकेट नव्हे. मग विचारा, फी महिन्याला भरली तर चालेल का. आठ दिवसांत दहा हजार सूट देणारा माणूस महिन्याला का घेत नाही, याचं कारण तो काय देतो ते नीट ऐका. जॉब गॅरंटी म्हणत असतील तर गेल्या वर्षीच्या पाच मुलांचे फोन मागा, त्यांनी निवडलेल्यांचे नव्हे, वर्गाच्या हजेरीपटावरचे पहिले पाच. आणि त्या मुलांना एकच विचारा, सहा महिन्यांनंतर तिथेच आहात का. वरच्या मजल्यावर ‘शैक्षणिक कर्ज सहाय्य’ असं टेबल असेल तर सही करू नका. काही ठिकाणी हप्त्याने फी म्हणून जो अर्ज भरून घेतात तो प्रत्यक्षात एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो, आणि क्लास सोडला तरी हप्ता चालू राहतो. आमच्या गावातले दोन पालक अजून फेडताहेत.

ऑफिसचंच काम करायचं असेल तर आधी तिला इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस करू द्या, सोबत टॅली आणि एक्सेल. आमच्यासारख्या, परीक्षा परिषदेची मान्यता असलेल्या कुठल्याही क्लासला सहा-सात महिन्यांत होतं, आणि खर्च त्या ८५ हजारांच्या आसपासही जात नाही. शॉर्टहँड तिला झेपलं तर उत्तम. सगळं रेकॉर्ड होत असताना लघुलेखक कशाला, असं सगळे म्हणतात, पण न्यायालयांच्या जाहिराती उघडून पाहा. माझ्याकडे सध्या शंभरच्या स्पीडची बॅच आहे. पाचच जणी, आणि त्यातल्या तिघी एम.ए. झालेल्या.